फी भरण्याआधी एक कपडा पुरा शिवू द्या

बारावीचे निकाल जवळ आले की बंगळुरूतल्या मराठी घरांतून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलगी म्हणते, फॅशन डिझाइन करायचं. हल्ली मुलगेही म्हणतात. आई-वडील सॉफ्टवेअरमध्ये किंवा बँकेत, या क्षेत्राची घरात कुणालाच ओळख नाही. मग विचारणा सुरू होते. पाठवावं का? कुठं पाठवावं? एवढी फी भरून पुढे नोकरी लागेल का? या सगळ्याची उत्तरं आहेत आणि ती मी देते. पण त्याआधी एक काम सांगते. तुमच्या मुलाला किंवा मुलीला एक कपडा स्वतः आखून, कापून, शिवून पुरा करू द्या. तोही आपल्या घरात कुणी घालत नाही असा, दुसऱ्या एखाद्या समाजाच्या पेहरावावरून सुचलेला. तीन-चार महिने द्या. पाच-सहा मीटर मांजरपाट, थोडं चांगलं कापड आणि शेजारून मागून आणलेलं शिलाई मशीन एवढ्यात हे होतं. तो कपडा अंगावर चढला की मग फीचं बोलू.

बारावीच्या वर्षात एवढा वेळ कुठून आणायचा, असं पालक म्हणतात. म्हणून हे अकरावीतच करावं. अकरावी हातची गेली असेल, तर परीक्षा संपल्यावर करावं आणि प्रवेश एक वर्ष पुढे गेला तरी चालेल असं मी स्पष्टपणे सांगते. कारण या क्षेत्रात येणारी बरीच मुलं चांगलं चित्र काढता येतं म्हणून येतात आणि मशीनपाशी अडखळतात. कागदावर डौलदार दिसणारी बाही मुंढ्यात बसत नाही. उरेब कापलेलं कापड दोन दिवस टांगून ठेवलं की एका बाजूने लोंबतं. गळ्याची पट्टी उलटी लागते आणि मग सगळं उसवून पुन्हा टीप मारावी लागते. हे उसवणं ज्याला शिक्षा वाटतं, त्याला या अभ्यासक्रमाची चार वर्षं जड जातात. उसवताना ज्याच्या डोक्यात 'आता कळलं कुठं चुकतंय' असा प्रकाश पडतो, त्याच्यासाठी पैसे खर्च करावेत असं मला मनापासून वाटतं. आणि हा फरक कोणत्याही कलचाचणीत दिसत नाही, तो कापड हातात घेतल्यावरच दिसतो.

आता, दुसऱ्या समाजाचाच पेहराव कशाला? साधा कुर्ता का नको? कुर्ता आपण इतक्या वेळा पाहिलेला असतो की तो तसा का आहे, हे विचारावंसं वाटत नाही. परका कपडा प्रश्न विचारायला लावतो. बंगळुरूच्या मुलांना हे वेड बहुतेक वेळा जपानी ॲनिमेतून नाहीतर कोरियन मालिकांतून लागतं. पालकांना तो टाइमपास वाटतो. मला मात्र तिथूनच सुरुवात झालेली आवडते, कारण मुलाला मुळात ओढ असते आणि आपल्याला फक्त त्या ओढीला अभ्यासाची दिशा द्यायची असते.

किमोनोचं उदाहरण घ्या. पडद्यावर तो मोठा, झुळझुळीत, गुंतागुंतीचा दिसतो. प्रत्यक्षात त्याचं कटिंग अगदी सरळ रेषेचं आहे. किमोनोसाठी जे कापड विणतात त्याचा पन्हा साधारण छत्तीस ते अडतीस सेंटिमीटर एवढाच असतो आणि लांबी बारा मीटरच्या आसपास. त्यातून अंगाच्या दोन पट्ट्या, दोन बाह्या, पुढच्या बाजूला जोडायच्या दोन अरुंद पट्ट्या आणि गळ्याच्या दोन पट्ट्या काढतात. सगळे तुकडे आयताकृती. मुंढ्याला गोलाई नाही, कमरेला डार्ट नाही. कापड जवळजवळ वाया जात नाही. जास्तीचं कापड कापून टाकण्याऐवजी शिवणीत दुमडून ठेवतात, म्हणजे पुढच्या पिढीतल्या उंच मुलीसाठी तो उसवून मोठा करता येतो. पूर्वी किमोनो धुवायचा म्हणजे सगळा उसवून, पट्ट्या धुऊन, ताणून वाळवून पुन्हा हाताने शिवत. स्त्रियांचा किमोनो उंचीपेक्षा लांब असतो आणि जादा लांबी कमरेपाशी दुमडून पट्ट्याखाली बसवतात.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने एवढं समजून घेतलं की ती बाजारातल्या कुठल्याही कपड्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते. आपल्या आजीचं लुगडंही कात्री न लावता अंगावर बसत होतं, हे तिचं तिलाच सुचतं. अंगाच्या मापाने कापड कापायचं की कापडाच्या पन्ह्यातून कपडा काढायचा, या दोन वेगळ्या विचारपद्धती आहेत. कपडाउद्योगात टेबलावर वाया जाणारं कापड हा मोठा प्रश्न असल्यामुळे दुसऱ्या पद्धतीकडे आज जगभरचे डिझायनर वळून पाहत आहेत. हे सगळं वर्गात ऐकलं तर टिपण होतं. मांजरपाटावर कात्री चालवून शिकलं तर हाताला कळतं.

याच किमोनोत आणखी एक गोष्ट आहे, ती मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. किमोनो घालताना डावी बाजू उजवीच्या वर येते. पुरुष असो वा स्त्री, नियम एकच. उजवी बाजू वर घेतात ती मृत व्यक्तीला नेसवताना. 'डिझाइनमध्ये जरा बदल' म्हणून एखाद्या मुलीने हौसेने ही बाजू उलटी केली आणि तो कपडा जपानी परीक्षकापुढे ठेवला, तर तिच्या सुबक शिलाईकडे कुणाचं लक्ष जाईल? म्हणून पेहराव निवडला की पहिलं काम शिवणाचं नसून विचारण्याचं आहे. कोण घालतं, केव्हा घालतं, कोण घालत नाही? म्हैसूरच्या पुढे बायलकुप्पेला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिबेटी वसाहत आहे. तिथल्या बायका चुबा हा लांब झगा घालतात आणि त्यावर पुढून रंगीत पट्ट्यांचा पांगदेन हा ॲप्रन बांधतात. तो पांगदेन परंपरेने विवाहित स्त्रीचा. कॉलेजच्या मुलीने तो नुसता रंग आवडले म्हणून घ्यावा का, हे ज्यांचा तो आहे त्यांनाच विचारावं. बंगळुरूहून सकाळी निघून दुपारी तिथं पोचता येतं. तिथल्या एखाद्या आजींशी झालेलं अर्ध्या तासाचं बोलणं मुलांना इंटरनेटवरच्या शंभर फोटोंपेक्षा जास्त शिकवतं.

दूर जायचं नसेल तर खण घ्या. मराठी मुलांना खण आपला वाटतो. आजीची चोळी खणाची, मंगळागौरीचा परकर खणाचा, गौरीला वाहायचा तोही खण. पण तो विणला जातो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. पिढ्यानपिढ्या कानडी विणकरांनी विणला आणि मराठी बायकांनी अंगावर मिरवला. त्यावरच्या बुट्ट्यांची नावंही कानडी आहेत. रथाच्या नक्षीला तेरू म्हणतात, हत्तीच्या पावलाला आने हेज्जे. म्हणजे जो कपडा आपण 'आपली परंपरा' म्हणून कपाटातून काढतो, त्यात दुसऱ्या भाषेतला हात पहिल्यापासून आहे. बंगळुरूत वाढलेल्या मराठी मुलीला दोन्ही भाषा येतात, त्यामुळे गुळेदगुड्डच्या विणकराशी ती त्याच्या भाषेत बोलू शकते. पुण्या-मुंबईच्या डिझाइनच्या विद्यार्थ्याला ही सोय नाही. पालकांनी ही जमेची बाजू ओळखावी.

खणाच्या पारंपरिक चोळीचं कटिंगही मुद्दाम उलगडून पाहण्यासारखं आहे. कापडाचा काठ बाहीच्या टोकाशी येईल असा बेत असतो, पुढे बटण नसून गाठ असते, आणि तुकडे असे काढतात की इवल्याशा कापडात चोळी बसते. घरात जुनी चोळी असेल तर आजीची परवानगी घेऊन तिचा कागदावर आकार काढून घ्या. खणाचाही पन्हा अरुंद असतो. त्यामुळे किमोनोच्या सरळ पट्ट्यांचं गणित वापरून खणाचं आखूड जॅकेट करता येईल का, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थिनीसाठी पूर्ण प्रकल्प होऊ शकतो. काठ कुठं येईल? बुट्टी खांद्यावर उलटी तर पडणार नाही? खण पातळ, मग अस्तर कशाचं? रंग जाईल का? हातमागाचा खण घ्यायचा की यंत्रमागावरचा पॉलिस्टरचा? खणाच्या साड्या, पर्स, अगदी फोनची पाकिटंही आज बाजारात दिसतात. त्यांतली बरीचशी यंत्रमागावरच्या कापडाची असतात आणि त्यातला पैसा मूळ विणकराच्या मागापर्यंत पोचत नाही. स्वस्त मिळतो म्हणून पॉलिस्टर घेतला तर तो गुन्हा नाही, पण तसं वहीत लिहावं. या प्रश्नांची उत्तरं शोधणं म्हणजेच डिझाइन. हे मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण डिझाइन म्हणजे रंगीत चित्रं काढणं हा समज घराघरांत पक्का बसला आहे.

बंगळुरू हे शहर या कामाला फार चांगलं आहे आणि इथल्या मराठी पालकांना ते पुरेसं माहीत नाही. सिल्क बोर्ड जंक्शनच्या गर्दीला आपण रोज कंटाळतो. ज्या सेंट्रल सिल्क बोर्डावरून त्या चौकाला नाव पडलं, ते १९४८च्या कायद्याने स्थापन झालेलं, देशातल्या रेशीम उद्योगाचं मध्यवर्ती मंडळ आहे. तिथून जवळच एचएसआर लेआउटमध्ये निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचं आवार आहे. कस्तुरबा रोडवर २०२३ साली उघडलेलं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी आहे, त्यांच्या संग्रहात वस्त्रांचा मोठा भाग आहे. चिमी नंजप्पा आणि त्यांच्या कन्या पवित्रा मुद्दय्या यांनी १९७४ साली सुरू केलेलं साड्यांचं 'विमोर' याच शहरात आहे. जुन्या साड्यांचा अभ्यास करून त्या नमुन्यांवर विणकरांकडून पुन्हा काम करून घ्यायचं, हे त्यांचं वैशिष्ट्य. विणकर सेवा केंद्र इथं आहे. मांजरपाटापासून जरीपर्यंत काहीही चिकपेटमध्ये मिळतं. आणि या शहरात मराठी बोलणारा भावसार समाज फार जुना आहे. कापड रंगवणं, छापणं आणि शिवणं हे त्यांचे पिढीजात व्यवसाय. नामदेव शिंपी समाजाचीही घरं इथं आहेत. अशा घरातले एखादे वयस्कर मास्तर भेटले तर आपल्या मुलाला आठवड्यातून दोन संध्याकाळ त्यांच्या दुकानात बसू द्या. कापड टेबलावर टाकताना उभा धागा ते कसा पाहतात, खडूची रेघ कुठं देतात, कात्री न उचलता कशी फिरवतात हे पाहणं म्हणजे मोठं शिक्षण आहे. त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे मात्र जरूर द्या. शिकवणीला देतो तसेच.

पालकांना उदाहरण हवं असतं. आपल्यातलं कुणी या वाटेने गेलं आहे का? गेलं आहे आणि फार पुढे गेलं आहे. भानु अथय्या कोल्हापूरच्या. माहेरच्या राजोपाध्ये, जन्म १९२९चा. त्यांचे वडील चित्रकार होते, ते भानुताई लहान असतानाच गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या चित्रकला शिकल्या आणि मासिकासाठी कपड्यांची रेखाचित्रं काढू लागल्या. त्या मासिकाच्या संपादिकेने बुटिक काढलं आणि भानुताईंना प्रत्यक्ष कपडे करून पाहायला सांगितलं. तिथून चित्रपट. 'आम्रपाली' १९६६ सालचा. आम्रपालीच्या काळाचा पेहराव उभा करायचा म्हणून त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासली. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी'साठी त्यांना आणि जॉन मोलो यांना मिळून वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, एप्रिल १९८३मध्ये. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

त्यांच्या कामातून विद्यार्थ्यांनी काय घ्यावं? 'गांधी' चित्रपटात दक्षिण आफ्रिकेतले सुटाबुटातले बॅरिस्टर आहेत, इंग्रज अधिकारी आहेत, चंपारणचे शेतकरी आहेत, काँग्रेसच्या बैठकीतले पुढारी आहेत. कोल्हापूरच्या एका बाईने यांतल्या कितीतरी परक्या अंगांवरचे कपडे खरे वाटायला लावले, कारण प्रत्येकाच्या कपड्यामागची माणसं त्यांनी आधी अभ्यासली. फॅशन कॉलेज त्या काळी देशात नव्हतंच. निफ्ट निघालं १९८६ साली. म्हणजे त्यांचं रीतसर शिक्षण चित्रकलेचं होतं आणि कपड्याचं शिक्षण काम करता करता झालं. आज संस्था आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा. पण संस्थेत जाण्याआधी पाहण्याची आणि विचारण्याची सवय लागलेली असेल, तर तीच चार वर्षं दुप्पट फळाला येतात.

आता एक अवघड विषय. दुसऱ्या समाजाचं घ्यायचं तर कसं घ्यायचं? जून २०२५मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांबरोबर चामड्याच्या चपला दाखवल्या. त्या सरळसरळ कोल्हापुरी होत्या आणि कोल्हापूरचं नाव मात्र कुठंच नव्हतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेही महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रात संताप उसळला. कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून ही प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांची असल्याचं मान्य केलं. वर्षाअखेर महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्याच कारागिरांकडून मर्यादित जोड बनवून घेण्याचं ठरलं. मानांकन मुख्यतः नावाचं रक्षण करतं, आकार कुणी उचलला तर कायदा तोकडा पडतो. म्हणून डिझायनरच्या सचोटीला इथं फार महत्त्व आहे.

कोल्हापुरीच्या बाबतीत आपल्याला राग आला, तो योग्यच होता. तोच राग मुलांना उलट्या बाजूने समजावून द्यावा. बळ्ळारी जिल्ह्यात संदूरच्या लंबाणी बायकांचं भरतकाम प्रसिद्ध आहे, त्यालाही मानांकन आहे. आरसे, कवड्या, नाणी, रंगीत ठिगळं, एकेक तुकडा भरायला कित्येक दिवस लागतात. हाच समाज आपल्याकडे बंजारा म्हणून यवतमाळपासून नांदेडपर्यंत तांड्यांतून राहतो. एखाद्या विद्यार्थ्याने त्या भरतकामाचा फोटो काढून कापडावर छापून घेतला आणि जॅकेट शिवून 'माझी निर्मिती' म्हणून मांडलं, तर प्राडाने केलं त्यात आणि त्याने केलं त्यात फरक फक्त आकाराचा आहे. त्यापेक्षा बाहीची एकच पट्टी त्या कारागीर बाईंकडून पूर्ण मोल देऊन करून घ्यावी, बाकी जॅकेट साधं ठेवावं आणि पोर्टफोलिओत त्यांच्या संमतीने त्यांचं नाव लिहावं. कपडा जास्त देखणा होतो, असा माझा अनुभव आहे. मुलाखतीतही अशी पट्टी दाखवली की परीक्षक तिच्याबद्दल विचारतातच, आणि मुलाजवळ सांगायला खरी गोष्ट असते. ज्या पेहरावाला देवाधर्माचं किंवा शोकाचं स्थान आहे, तो पहिल्या प्रकल्पाला घेऊच नये, असं मी स्पष्ट सांगते.

आता पालकांच्या मूळ प्रश्नांकडे येते. निफ्ट ही केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाखालची संस्था आहे. २००६च्या कायद्याने तिला स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. बी.डेस. चार वर्षांचं, कोणत्याही शाखेतून बारावी चालते. प्रवेश परीक्षेत सर्जनशीलतेचा एक पेपर, सामान्य क्षमतेचा एक आणि प्राथमिक निवड झाल्यावर दिलेल्या सामानातून प्रतिकृती बनवण्याची परीक्षा, असा आजवरचा साचा आहे. अर्ज बहुधा हिवाळ्यात निघतात, म्हणजे बारावीची परीक्षा होण्याआधीच, आणि पुष्कळ पालक तिथंच उशीर करतात. फॅशन डिझाइनबरोबर टेक्स्टाइल डिझाइन, निटवेअर, फॅशन कम्युनिकेशन असे विषय आहेत आणि सगळे विषय सगळ्या आवारांत नसतात. त्यांचंच बी.एफ.टेक. हे उत्पादनाचं तंत्र शिकवतं, त्याला बारावीला गणित लागत आलं आहे. दरवर्षीच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात. सरकारी असूनही चार वर्षांची फी दहा लाखांच्या पुढे जाते, राहण्याखाण्याचं वेगळं. एनआयडी ही डिझाइनचीच संस्था, १९६१ सालची, अहमदाबादची. तिचं एक आवार बंगळुरूत आहे, पण तिथं पदव्युत्तर शिक्षण मिळतं आणि तिच्या वस्त्रविषयक अभ्यासक्रमांसाठी गुजरातलाच जावं लागतं. खासगी संस्था या शहरात भरपूर आहेत, चांगल्याही आहेत. प्रवेश घेण्याआधी तिथल्या शिवणशाळेत जाऊन मशीन किती आहेत आणि ती विद्यार्थ्यांना संध्याकाळी वापरायला मिळतात का, एवढं विचारा. चकचकीत स्वागतकक्षापेक्षा या एका उत्तरातून जास्त कळतं.

फी झेपणारी नसेल तर वाट बंद होत नाही, हे मला फार आग्रहाने सांगायचं आहे. आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग आणि सोइंग टेक्नॉलॉजीचे एका वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात वस्त्र आणि पोशाखाचं शिक्षण आहे. तांत्रिक ओढ असणाऱ्यासाठी इचलकरंजीची डीकेटीई १९८२पासून वस्त्र अभियांत्रिकी शिकवते आहे, बंगळुरूत के. आर. सर्कलजवळच्या सरकारी तंत्रशिक्षण संस्थेत वस्त्र आणि रेशीम तंत्रज्ञान शिकता येतं. आयटीआय हा शब्द ऐकताच पालकांचे चेहरे उतरतात. मला वाटतं तसं होऊ नये. एक वर्ष मशीनवर हात पक्का करून मग पदवीला गेलेलं मूल वर्गात सगळ्यांच्या पुढे असतं.

आणि नोकरी? फॅशन डिझायनर म्हणून स्वतःच्या नावाचं लेबल चालवणारे थोडेच असतात, हे मुलांना आधीच सांगावं. पण बंगळुरू हे देशातल्या मोठ्या तयार कपड्यांच्या केंद्रांपैकी एक आहे. पीन्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रोड या भागांतल्या कारखान्यांत हजारो बायका निर्यातीचे कपडे शिवतात. गोकलदास एक्सपोर्ट्ससारखी कंपनी १९७९पासून इथं आहे. लुई फिलिप, ॲलन सोली यांसारख्या ब्रँडचा कारभार इथून चालतो, मिंत्रा इथली, टायटनने २०१७ साली साड्यांचं 'तनैरा' सुरू केलं तेही इथूनच. या सगळ्या ठिकाणी पॅटर्न बनवणारे, फिटिंग तपासणारे, कापड निवडून खरेदी करणारे, दर काढणारे, गुणवत्ता पाहणारे, संगणकावर त्रिमितीत नमुना उभा करणारे लोक लागतात. ज्याला कपडा आतून कळतो अशा पॅटर्नमेकरची उणीव मी कारखानदारांकडून सतत ऐकते. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा कमी असतो, यात लपवण्यासारखं काही नाही. घरावर कर्ज काढून फी भरणार असाल तर हा हिशेब आधी मांडा आणि मुलासमोर मांडा.

मुलगा शिवणकाम करणार म्हणून ज्यांना संकोच वाटतो, त्यांना मी राहुल मिश्रा यांचं नाव सांगते. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातला मुलगा, भौतिकशास्त्राचा पदवीधर. पुढे एनआयडीत शिकला, २०१४ साली आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळवला आणि जानेवारी २०२०मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात कपडे मांडणारा पहिला भारतीय डिझायनर ठरला. विज्ञान शाखा घेतली म्हणजे हे दार बंद झालं असं नाही, आणि हे दार निवडलं म्हणजे विज्ञान वाया गेलं असंही नाही.

तर तो कपडा. पुरा झाला की पालकांनी आधी वही पाहावी. कुठं कुठं फिरलं मूल, कुणाला काय विचारलं, मांजरपाटाचा पहिला नमुना कुठं चुकला, दुसऱ्यात काय बदललं, किती कापड लागलं, किती उरलं, एकूण खर्च किती? शिवण वाकडी असली तर काही बिघडत नाही, सरळ शिवण सरावाने येते. या तीन-चार महिन्यांत मूल कशात रमलं ते महत्त्वाचं. आकृत्या आखण्यात आणि कापण्यात रमलं असेल तर पॅटर्नमेकिंगचा विचार करा. संग्रहालयात आणि पुस्तकांत रमलं असेल तर वस्त्रांचा इतिहास, जतन, चित्रपटांची वेशभूषा हे मार्ग आहेत. विणकराशी गप्पा मारण्यात रमलं असेल तर हस्तकलांच्या संस्था आणि त्यांच्याबरोबर काम करणारे ब्रँड आहेत. भाव काढण्यात, चिकपेटमध्ये घासाघीस करण्यात रमलं असेल तर मर्चंडायझिंग. शिवणापेक्षा फोटो काढण्यात आणि त्यावर लिहिण्यात जीव गुंतला असेल तर फॅशन कम्युनिकेशन.

आणि कपडा अर्धाच राहिला तर? असंही होतं, आणि अशा वेळी मुलावर रागावू नका. कुठं थांबला ते शांतपणे विचारा. अभ्यासामुळे वेळच मिळाला नसेल तर सुट्टीत पुन्हा संधी द्या. बाही तीनदा चुकली म्हणून हताश झाला असेल तर मास्तरांकडे घेऊन जा, ते दहा मिनिटांत चूक दाखवतील आणि मूल पुन्हा मशीनवर बसतं का ते तुम्हाला तिथंच दिसेल. पण कपाटात पडलेल्या त्या तुकड्यांची आठवणही महिनाभर झाली नसेल, तर त्या वर्षी फॅशनचा अर्ज भरू नका. चित्रकलेची आवड खरी असेल तर ग्राफिक डिझाइन आहे, ॲनिमेशन आहे, वास्तुकला आहे, त्यांच्या परीक्षांची तयारी त्याच सुमाराला सुरू करता येते. उरलेलं मांजरपाट ठेवून द्या, धाकट्या भावंडाला लागेल.